अल्ट्रासाऊंड की उष्णता? बेदाण्याच्या डिपिंग ऑइलवरून समजून घेऊ

अल्ट्रासाऊंड म्हटलं की आधी सोनोग्राफी आठवते. काही फोनमध्ये स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सरही अल्ट्रासाऊंडवर चालतो. सॅमसंगने २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० मध्ये तो दिला होता. पण याच न ऐकू येणाऱ्या आवाजाचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अल्ट्रासाऊंड वापरून रासायनिक अभिक्रिया घडवतात. म्हणजे जे काम एरवी बर्नर, हीटर किंवा वाफ करते, ते काम आवाजाकडून करून घ्यायचं.

मग प्रश्न येतोच. आवाजाने रिॲक्शन होत असेल तर गरम करायचं कशाला? इंटरनेटवर याची उत्तरं दोन टोकांची मिळतात. कुणी म्हणतं हे भविष्याचं तंत्रज्ञान, कुणी म्हणतं नुसतं महागडं ढवळणं. आपण एक साधं उदाहरण घेऊन बघू. उदाहरण सांगली जिल्ह्यातलं आहे आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचं असेल.

डिपिंग ऑइल म्हणजे नक्की काय?

कवठे महांकाळ, तासगाव, मिरज या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर फिरलात तर जागोजागी बेदाण्याची शेड दिसतात. द्राक्षाचे घड क्रेटमधून येतात, द्रावणात बुडवले जातात आणि मग जाळीवर पसरले जातात. त्या द्रावणात दोन गोष्टी असतात: पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. नेहमीचं प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर तेल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. हे द्रावण त्या थराची घडी विस्कटतं. मग सावलीत, वाऱ्यावर पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. नुसतीच द्राक्षं वाळत घातली तर त्याच्या दुप्पट वेळ सहज जातो.

या डिपिंग ऑइलचं रासायनिक नाव इथाइल ओलिएट. नाव अवघड आहे, पण वस्तू सोपी आहे. ओलिक ॲसिड नावाचं एक तेलातलं आम्ल आणि इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीपासूनही बनणारं अल्कोहोल, यांची जोडी. अशा जोडीला एस्टर म्हणतात. आणि ओलिक ॲसिड कुठून येतं? तेलातून किंवा चरबीतून. तेलाचा रेणू पाण्याच्या मदतीने फोडला की आम्लं आणि ग्लिसरीन वेगळी होतात.

म्हणजे डिपिंग ऑइलपर्यंत पोचायला दोन पायऱ्या आहेत. पहिली, तेल आणि पाणी मिळून ओलिक ॲसिड. दुसरी, ओलिक ॲसिड आणि इथेनॉल मिळून इथाइल ओलिएट. या दोन्ही सेंद्रिय अभिक्रिया आहेत. (इथे 'सेंद्रिय'चा शेणखत, गांडूळखताशी संबंध नाही. कार्बनच्या संयुगांच्या केमिस्ट्रीला सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात.) या दोन पायऱ्या लक्षात ठेवा. अल्ट्रासाऊंड आणि उष्णता यांचा खरा फरक इथेच कळतो, कारण दोन्ही पायऱ्यांवर उत्तर वेगवेगळं येतं.

उष्णता काय करते?

कुठल्याही अभिक्रियेसमोर एक उंबरठा असतो. रेणू एकमेकांवर आपटतात, पण बहुतेकांच्या अंगात तो उंबरठा ओलांडण्याइतकी ताकद नसते. गरम केलं की ताकदवान रेणूंची संख्या वाढते. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याचं गणित मांडलं. त्यावरून एक ढोबळ नियम सांगतात: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग जवळजवळ दुप्पट. ३० अंशांवरून ८० अंशांवर गेलात तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. दिवसभराचं काम पाऊण तासात.

उष्णतेचं मोठेपण असं, की ती भांड्यातल्या प्रत्येक रेणूपर्यंत पोचते. कोपऱ्यातला रेणूही सुटत नाही. तिचा दोषही तोच. ज्या रेणूला हात लावायचा नव्हता तोही तापतो, तेल काळं पडतं, नको ते पदार्थ तयार होतात. दूध तापवताना तळाला लागतं तसंच.

आणि आवाज काय करतो?

इथे एक गैरसमज आधी दूर करू. अल्ट्रासाऊंडची लाट रेणूला धरून हलवत नाही. २० किलोहर्ट्झच्या आवाजाची पाण्यातली लांबी सात-साडेसात सेंटिमीटर असते आणि रेणू तिच्यापुढे कोट्यवधी पटींनी लहान. समुद्राच्या लाटेने मुंगीचा पाय मोडण्यासारखं ते होईल. काम होतं ते बुडबुड्यांमुळे.

आवाजाची लाट द्रवातून जाते तेव्हा द्रव आळीपाळीने दाबला आणि ताणला जातो. ताण पुरेसा मोठा असेल तर द्रवात बारीक पोकळी तयार होते. ती काही फेऱ्यांमध्ये वाढत जाते आणि मग दाबाच्या फेरीत धाडकन आत कोसळते. याला कॅव्हिटेशन म्हणतात. २० किलोहर्ट्झला एक फेरी फक्त ५० मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे हे कोसळणं किती झटपट होतं बघा. आतला वायू इतक्या वेगाने दाबला जातो की उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते ना, त्याचाच अतिरेक.

किती गरम? अमेरिकेतल्या केनेथ सस्लिक यांच्या गटाने १९८६ मध्ये मोजलं तेव्हा आकडा सुमारे ५,००० केल्विन आला. सूर्याचा पृष्ठभाग याच्या जवळपास असतो. दाब वातावरणाच्या शेकडो पट. पण हे सगळं मायक्रोसेकंदाहून कमी वेळ आणि केसाच्या जाडीहून लहान जागेत. फुलबाजीची ठिणगी आठवा. ती लालबुंद असते, पण एवढीशी असते की हवेतच विझते. भांड्यातला बाकीचा द्रव थंडच राहतो.

म्हणजे गंमत अशी की 'आवाज विरुद्ध उष्णता' असं जे भांडण लावलं जातं, त्यात आवाजाच्या बाजूलाही उष्णताच उभी आहे. फक्त ती सगळीकडे पसरलेली नाही, ठिपक्याठिपक्यांनी येते.

आणि बुडबुडा नुसता तापत नाही. तो कोसळताना भोवतालच्या द्रवाला जबरदस्त धक्का बसतो. जवळ एखादा घन पृष्ठभाग असेल तर बुडबुडा एका बाजूने कोसळतो आणि त्यातून द्रवाची सुईसारखी धार त्या पृष्ठभागावर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. माझ्या मते सेंद्रिय केमिस्ट्रीत अल्ट्रासाऊंडचा निम्म्याहून जास्त फायदा या धक्क्यांमुळे आणि धारांमुळे होतो. ५,००० केल्विनचा आकडा प्रसिद्धी जास्त मिळवतो, एवढंच.

हे तुम्ही मोटरीवर ऐकलेलं आहे

कॅव्हिटेशन बघायला लॅबची गरज नाही. विहिरीचं पाणी खोल गेलंय, सक्शन पाइप लांब आहे, फूटव्हॉल्व्ह अर्धा चोकअप आहे आणि मोटर चालू केली तर पंपातून आत खडी गेल्यासारखा खडखडाट येतो. खडी वगैरे काही नसते. पंपाच्या तोंडाशी दाब इतका कमी होतो की पाण्यात पोकळ्या तयार होतात आणि इम्पेलरवर जाऊन फुटतात. काही महिन्यांनी इम्पेलर काढला की त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखे खड्डे दिसतात. फिटर म्हणतो, "इम्पेलर खाल्लं." खाणारा तोच बुडबुडा. म्हैसाळ योजनेसारख्या उपसा सिंचनात, जिथे कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कवठे महांकाळ आणि जतच्या बाजूला आणतात, तिथल्या मोठ्या पंपांनाही हेच सांभाळावं लागतं.

इतिहासातही हे आधी शत्रू म्हणूनच भेटलं. १८९० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या 'डेअरिंग' या वेगवान जहाजाला अपेक्षित वेग मिळेना, कारण पंख्याभोवती पोकळ्या तयार होत होत्या. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये बुडबुडा कोसळण्याचं गणित मांडलं. १९२७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स आणि लूमिस यांनी पहिल्यांदा दाखवलं की अशा आवाजाने रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढतो. त्यानंतर हा विषय जवळजवळ ५० वर्षं झोपला होता.

पहिली पायरी: तेल आणि पाणी

आता डिपिंग ऑइलकडे परत. पहिल्या पायरीत तेल आणि पाणी यांची अभिक्रिया करायची आहे. अडचण उघड आहे, ते एकमेकांत मिसळत नाहीत. रेणूंना उंबरठा ओलांडायचा आहे हे खरं, पण त्याआधी भेटायला तर हवं! भेट फक्त तेल आणि पाणी जिथे टेकतात त्या सीमेवर होते.

कारखान्यात यावर उपाय म्हणजे प्रचंड उष्णता. उंच टॉवरमध्ये सुमारे २५० अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ५० पट दाब ठेवतात. एवढ्या तापमानाला पाणी तेलात बऱ्यापैकी विरघळतं आणि काही तासांत जवळजवळ सगळं तेल फुटतं. साबणाचे कारखाने, फॅटी ॲसिडचे कारखाने अशाच पद्धतीने चालतात.

मुंबईत माटुंग्याला एक संस्था आहे, आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. तिथल्या अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये हीच अभिक्रिया कॅव्हिटेशनने करून बघितली. तेल कुठलं, तर एरंडेल आणि चक्क करडईचं. बुडबुड्यांच्या धक्क्यांनी तेलाचे इतके बारीक थेंब होतात की तेल आणि पाण्याची सीमा कितीतरी पटींनी वाढते, आणि २५० अंशांच्या टॉवरशिवाय, नेहमीच्या तापमानाच्या आसपास तेल फुटायला लागतं. शिवाय त्यांनी बुडबुडे दोन प्रकारे तयार केले. एकदा अल्ट्रासाऊंडने, आणि एकदा चक्क पंपाने पाणी अरुंद जागेतून ढकलून. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे परत येऊ, कारण खरी बातमी तीच होती.

बायोडिझेलचंही असंच आहे. तेल आणि मिथेनॉल मिसळत नाहीत. नेहमीच्या पद्धतीत ६० ते ६५ अंशांवर तासभर ढवळतात. अल्ट्रासाऊंड लावला की नेहमीच्या तापमानाला काही मिनिटांत बरंच काम होतं, असं जगभरच्या अनेक गटांनी दाखवलंय.

दुसरी पायरी: इथे उष्णता जिंकते

ओलिक ॲसिड आणि इथेनॉल. हे दोघं एकमेकांत मजेत मिसळतात. बाटलीत ओतलं, हलवलं, झालं एकजीव. भेटीची अडचणच नाही. उरतो फक्त उंबरठा, आणि प्रत्येक रेणूला उंबरठा ओलांडायला लावायचं काम उष्णतेचं. बुडबुड्याच्या आत जो ठिपका तापतो तिथपर्यंत ओलिक ॲसिड पोचतच नाही, कारण ते जड आहे, त्याची वाफ सहज होत नाही.

आणखी एक गोष्ट. या अभिक्रियेत पाणी तयार होतं आणि ते पाणी भांड्यात राहिलं तर अभिक्रिया मागे फिरते, एस्टर परत फुटतो. म्हणजे पाणी सतत बाहेर काढायला हवं. ते काढायचं कसं? उकळून, वाफेवाटे. मग भट्टी आलीच. थोडंसं आम्ल उत्प्रेरक म्हणून टाकायचं, इथेनॉलच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे ७८ अंशांच्या आसपास तापवायचं, पाणी ओढून घ्यायचं. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत आहे आणि इथे तिला हरवणं अवघड आहे.

म्हणजे एकाच तेलाच्या दोन पायऱ्या, दोन निकाल. पहिली अडते भेटीमुळे, दुसरी उंबरठ्यामुळे. एखादी अभिक्रिया अल्ट्रासाऊंडने वाढेल का, हे विचारायच्या आधी ती कशामुळे अडली आहे हे विचारायला हवं.

पुण्यातला प्रयोग, ज्यात उत्प्रेरकच बदलला

आता एक वेगळी केस. हेक अभिक्रिया नावाची एक फार कामाची अभिक्रिया आहे, दोन कार्बन एकमेकांना जोडणारी. औषधं बनवताना वापरतात. रिचर्ड हेक यांना तिच्यासाठी २०१० मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. तिला पॅलेडियम नावाचा महाग धातू उत्प्रेरक म्हणून लागतो आणि सहसा १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापवावं लागतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, देशमुख, राजगोपाल आणि श्रीनिवासन यांनी २००१ मध्ये ही अभिक्रिया ३० अंशांवर करून दाखवली. अल्ट्रासाऊंड लावला आणि द्रावक म्हणून आयनिक लिक्विड, म्हणजे नेहमीच्या तापमानालाही द्रव असणारं मीठ वापरलं. वेळ लागला दीड ते तीन तास.

इथे बुडबुड्यांनी फक्त ढवळलं नाही. पॅलेडियमचे नॅनो आकाराचे कण तयार झाले, ते त्या द्रावकात टिकून राहिले आणि त्यांनी पुढचं काम केलं. म्हणजे उंबरठा तोच, पण त्यावरून जायची वाट सोपी झाली. असे प्रयोग वाचताना मला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. '३० अंशांवर झालं' ही हेडलाइन, पण 'उत्प्रेरक कसा तयार झाला' ही खरी गोष्ट.

धातूंच्या बाबतीत अल्ट्रासाऊंडचा हा गुण जुना आहे. बी.एस्सी.ला ग्रिग्नार्ड अभिक्रिया केलेल्यांना आठवत असेल: मॅग्नेशियमचे तुकडे इथरमध्ये टाकायचे, आयोडीनचा खडा टाकायचा आणि वाट बघत बसायचं. धातूवर ऑक्साइडचा थर असतो, तो तुटेपर्यंत काही होत नाही. आणि तुटला की एकदम उसळतं. अल्ट्रासाऊंडची धार हा थर खरवडून काढते. फ्रान्सच्या ज्याँ-लुई ल्यूश यांनी १९८० मध्ये लिथियम धातू वापरून अशीच एक अभिक्रिया काही मिनिटांत केली आणि झोपलेला विषय जागा झाला. इथे उष्णता देणं धोक्याचंही असतं, कारण इथर ३५ अंशांनाच उकळतं आणि पेट घेतं.

एकाच भांड्यातून दोन वेगळे पदार्थ

वेग वाढणं ठीक, पण पदार्थच बदलला तर? जपानच्या ताकाशी आन्दो यांच्या गटाने १९८४ मध्ये हे दाखवलं. सामान सगळं तेच: बेंझाइल ब्रोमाइड, पोटॅशियम सायनाइड, ॲल्युमिना आणि टोल्युइन. नुसतं ढवळलं तर एक पदार्थ मिळाला, अल्ट्रासाऊंड लावला तर दुसराच. कारण असं सांगतात की बुडबुड्यांनी सायनाइड ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर नीट पसरवलं आणि पहिली वाट चालू ठेवणाऱ्या जागाच झाकून टाकल्या. नुसती आच वाढवून हे जमलं नसतं. (ही यादी वाचून कुणी प्रयोगाचा विचार करत असेल तर लगेच थांबा. सायनाइड जीव घेतं आणि बेंझाइल ब्रोमाइडची वाफ डोळ्यांतून पाणी काढते.)

वीजबिल आणि बरोबरीची तुलना

'गरम करून पाच तास, अल्ट्रासाऊंडने पाच मिनिटं' असे दावे खूप दिसतात. त्यातले काही पक्के आहेत, काही पोकळ. ओळखायचे कसे?

साधा हिशोब करू. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला सुमारे १४७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.०४ युनिट वीज. १०० वॅटचा अल्ट्रासाऊंड बाथ तासभर चालवला तर ०.१ युनिट, म्हणजे ३६० किलोज्यूल. ही ऊर्जा शेवटी जाते कुठे? जवळजवळ सगळी उष्णतेतच. म्हणून बाथमधलं पाणी तासाभरात चांगलंच कोमट होतं. ज्याने तापमान मोजलंच नाही आणि 'नेहमीच्या तापमानाला' असं लिहिलं, त्याची अभिक्रिया कदाचित ५० अंशांवर झालेली असते. मग श्रेय आवाजाचं की कोमट पाण्याचं?

म्हणून तुलना करताना दोन्हीकडे तापमान सारखं हवं, म्हणजे बाथमधून थंड पाणी फिरवायला हवं. ढवळणंही सारखं हवं. एका बाजूला अल्ट्रासाऊंड आणि दुसऱ्या बाजूला शांत पडलेलं भांडं, ही तुलनाच नाही, कारण जोरदार मिक्सर लावूनही तोच निकाल आला असता. ल्यूश यांनी याला सरळ 'खोटी' सोनोकेमिस्ट्री म्हटलं होतं. 'खोटी' म्हणजे फसवणूक असा अर्थ नाही, फक्त ढवळण्याचं काम आवाजाने केलं एवढंच. आणि ऊर्जा मोजायची ती मशीनवर छापलेल्या वॅटवरून नाही, द्रव किती तापला यावरून, कारण सगळी वीज द्रवापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक उलटी गोष्ट आहे. 'मग दोन्ही एकत्र लावू, आचही आणि आवाजही' असं कुणालाही वाटेल. पण द्रव जास्त तापला की बुडबुड्यात वाफ भरते आणि तो कोसळताना मऊ बसतो, गादीवर पडल्यासारखा. पाणी उकळीच्या जवळ आलं की अल्ट्रासाऊंडचा दम जवळजवळ निघून जातो. म्हणजे आच वाढवाल तसा आवाजाचा उपयोग कमी होत जातो. प्रत्येक अभिक्रियेत मधलं तापमान शोधावं लागतं.

उष्णतेची एक बाजू या भागातल्या माणसाला सांगायला नको. उष्णता कशापासूनही मिळते. साखर कारखाना स्वतःच्याच बगॅसवर वाफ करतो, उन्हाचा हीटर पाणी तापवतो. अल्ट्रासाऊंडला मात्र वीजच लागते, तीही ट्रान्सड्यूसरमधून फिरून आलेली. लॅबमध्ये हा फरक जाणवत नाही. टनावारी माल काढताना जाणवतो.

लॅबमधून कारखान्यात जाताना काय अडतं?

लॅबमध्ये टायटॅनियमची एक दांडी, तिला हॉर्न म्हणतात, द्रवात बुडवतात. तिच्या टोकाशी जोरदार कॅव्हिटेशन होतं, पण काही सेंटिमीटर पुढे गेलं की जोर संपतो. १०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये चालून जातं. हजार लिटरच्या टाकीत एक हॉर्न म्हणजे मंगल कार्यालयात एक उदबत्ती. शिवाय तो बुडबुडा इम्पेलर खातो तसा हॉर्नचं टोकही खातो.

इथे माटुंग्याच्या गटाची ती दुसरी युक्ती कामाला येते. पंपाने द्रव बारीक भोकांच्या पट्टीतून जोरात ढकलायचा. भोकात वेग वाढतो, दाब पडतो, पोकळ्या तयार होतात, आणि पुढे पाइप रुंद झाला की त्या कोसळतात. म्हणजे शेतकरी जे टाळायला धडपडतो तेच मुद्दाम करायचं, फक्त इम्पेलरवर नाही, पाइपच्या मधोमध. याला हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन म्हणतात. प्रत्येक बुडबुड्याचा जोर अल्ट्रासाऊंडपेक्षा कमी असतो, पण सगळा द्रव त्या भोकांतून जातो, कुठला कोपरा सुटत नाही, आणि तेवढ्याच विजेत काम जास्त होतं. तेल फोडण्याच्या अभिक्रियेत पंडित-जोशींना हेच दिसलं. पुढे पंडित आणि पराग गोगटे यांनी या विषयावर इतकं काम केलं की कॅव्हिटेशनवरच्या जगभरच्या संशोधनात माटुंग्याचं नाव सतत भेटतं. पंडित नंतर त्या संस्थेचे कुलगुरूही झाले.

तरीही टनावारी तेल फोडायचं काम आज उद्योगात बहुतेक उष्णता आणि दाबच करतात. टॉवर एकदा उभा राहिला की वर्षानुवर्षं चालतो, आणि जाणाऱ्या तेलाची उष्णता येणाऱ्या तेलाला देऊन इंधन वाचवता येतं. आवाजाची ऊर्जा अशी परत वापरता येत नाही.

ऑनलाइन मिळणारा अल्ट्रासोनिक क्लीनर

चष्मा, दागिने धुवायचे छोटे अल्ट्रासोनिक क्लीनर आता ऑनलाइन सहज मिळतात. चांगला असेल तर तो ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्यात खरंच कॅव्हिटेशन होतं. पण स्वस्तातल्या काहींमध्ये फक्त फोनच्या व्हायब्रेशनसारखी मोटर असते. फोनमधल्या साऊंड ॲपने हे कळणार नाही, कारण फोनचा माइक सहसा सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि त्यामुळे २४ किलोहर्ट्झच्या पुढचं त्याला पकडता येत नाही.

त्यापेक्षा घरचा ॲल्युमिनियम फॉइल घ्या. डब्याला गुंडाळतो तोच. पट्टी कापून क्लीनरमधल्या पाण्यात उभी धरा, तळाला टेकू देऊ नका, आणि एक-दोन मिनिटं चालवा. मग उजेडासमोर धरून बघा. बारीक भोकं किंवा खड्ड्यांची जाळी दिसली तर तुमचं मशीन खरं आहे. फॉइल नुसता चुरगळला असेल तर ती मोटर आहे. भोकं एकाच पट्ट्यात दिसली तर तिथे लाटेचा जोर जास्त आहे, चष्मा तिथे ठेवा. वापरलेलं पाणी ओतून द्या, त्यात फॉइलचा चुरा असतो.

खोलीत वाफेसारखं धुकं सोडणारा ह्युमिडिफायरही अल्ट्रासोनिकच असतो, पण त्याची फ्रिक्वेन्सी १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे एक फेरी इतकी छोटी असते की बुडबुड्याला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून तो पाणी उडवतो, फॉइलला भोकं पाडत नाही. सोनोग्राफी त्याहूनही वरच्या फ्रिक्वेन्सीवर, छोट्या छोट्या पल्समध्ये चालते, त्यामुळे तिथे हा मारा होत नाही.

क्लीनरमध्ये पाण्याशिवाय काहीही ओतू नका. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर, नेलपेंट रिमूव्हर यांची वाफ मशीनच्या आतल्या सर्किटपाशी पेटू शकते. चालू मशीनमध्ये बोटही घालू नका, फॉइलला भोक पाडणारी धार कातडीलाही लागते. आणि मोती, पाचू किंवा आधीच तडा गेलेला खडा बसवलेली अंगठी असेल तर ती सोनाराला विचारल्याशिवाय टाकू नका.